आठ पांढऱ्या बाह्या

वसंतमामा गिटारवाल्याचं माप गिटारीसकट घ्यायचा. बाकीचे शिंपी गिऱ्हाइकाला ताठ उभं करतात, हात खाली सोडायला लावतात आणि टेप लावतात. मामा म्हणायचा, "हा माणूस स्टेजवर असा मुडद्यासारखा उभा राहणार आहे का? मग कशाला?" गिटार गळ्यात घाल, वाजव, काय नाचायचं ते नाच आणि मी थांब म्हटलं की आहेस तसा थांब. डावा हात लांब पुढे गेलेला, उजवा कोपरात वाकलेला, एक खांदा उतरलेला. त्या अवस्थेत माप. त्यामुळे मामाच्या कोटाची डावी बाही उजवीपेक्षा अंमळ लांब असायची. कोट खुंटीला टांगला की तो अर्धांग झालेल्या माणसाचा वाटायचा. अंगात चढून गिटार हातात आली की मात्र दोन्ही मनगटं बरोबर एका रेषेत.

दुकान गिरगावात, ठाकुरद्वारच्या आतल्या गल्लीत, एका जिन्याखाली होतं. धोबीतलाव जवळ, त्यामुळे लग्नाच्या बँडात ट्रम्पेट वाजवणारे गोवेकर मामाकडे जुनेच. त्यांची पोरं मोठी झाली, त्यांनी बापाचं ट्रम्पेट सोडून इलेक्ट्रिक गिटारी घेतल्या, केस वाढवले, रॉक ग्रुप काढले. पण सूट शिवायला आली ती मामाकडेच. मामाला ते संगीत अजिबात झेपत नसे. "डोकं उठतं," म्हणायचा. पण कुठल्या पोराचा हात गाताना कुठवर वर जातो, कोण गुडघ्यावर बसतो आणि कोणाच्या पँटीला मागून जास्त कापड द्यावं लागतं, हे त्याला पाठ होतं.

आम्ही राहायचो लालबागला, चाळीत, दुसऱ्या मजल्यावर. बाबा मिलमध्ये साळखात्यात, म्हणजे मागावर. गिरण्यांचा संप लागला तेव्हा मी कॉलेजात होते. आमच्या घराण्यात, बापाकडच्या आणि आईकडच्याही, मॅट्रिकच्या पुढे गेलेली मी पहिली. पुढे बी.ए. झाले तीही पहिलीच. हे मी आजही मान वर करून सांगते. नम्रता दाखवायची सवय मला कधी लागली नाही आणि आता या वयात लागणारही नाही. संप लांबला तसं घरातलं खाणं आखडत गेलं. आधी ताजी मासळी गेली, मग डाळ पातळ झाली, मग कुळथाची पिठी आणि गावाहून आलेल्या उकड्या तांदळाची पेज हेच दोन्ही वेळचं झालं. आई कधीमधी तव्यावर मूठभर सुकट भाजायची. ही सुकट खायला कमी आणि शेजारी वास जावा म्हणून जास्त आहे, असं मी एकदा म्हटलं तर तिने उलथनं उगारलं. "वास तरी आपलो आसा मां?" म्हणाली.

मागांच्या खडखडाटात आयुष्य गेलेल्या माणसांना ऐकू कमी येतं. खात्यात कोणी कोणाशी ओरडून बोलत नाही, उपयोगच नसतो. समोरच्याचे ओठ बघून बोलणं समजून घेतात. बाबांना ते इतकं अंगवळणी पडलं होतं की समोरच्या चाळीच्या गॅलरीत बायका काय कुजबुजतायत ते इकडे बसून सांगायचे, आणि आई "गप रवा हो" म्हणत तोंडाला पदर लावून हसायची. संपातही पहिल्या पाळीच्या वेळेला ते उठत, आंघोळ करत, शर्ट घालून गेटवर जाऊन बसत. चिमणीतून मधूनच धूर यायचा. चाळीत लगेच कुजबुज व्हायची, मिल चालू झाली की काय. बाबांचा आवाज मग अख्ख्या मजल्यावर ऐकू जायचा. "नुसता बॉयलर पेटवतात! आपल्याला घाबरवायला. आत कुत्रं नाही. माग काय मालकाची बायको चालवणार?" आपल्याशिवाय मिल चालणं शक्य नाही, यावर त्यांचा देवापेक्षा जास्त विश्वास होता. आमचं घर तेव्हा त्या विश्वासावरच उभं होतं, खरं तर दुसरं काही नव्हतंच.

मामाने बाबांना दुकानात आणलं ते फार नाजूकपणे. "भावोजी, माझा इस्त्रीवाला गावी पळाला. तुम्ही दुपारचे जरा येऊन बसलात तर मला सोबत होईल." बहिणीच्या नवऱ्याने मेव्हण्याच्या दुकानात इस्त्री मारायची, ही आमच्यात साधी गोष्ट नव्हे. बाबा आत आले की मामा उठून उभा राहायचा, एकुलती एक खुर्ची त्यांना द्यायचा. काम कधी सांगायचा नाही. काही हवं असलं तर माझ्याकडे बघून म्हणायचा, "बघ गं, त्या पँटीचं कुठवर आलं." मी कॉलेज सुटल्यावर तिथे काजं करायला जायची. शिवाय इंग्रजी बोलणारी पोरं आली की मामाला माझा उपयोग व्हायचा. मामा अभिमानाने सांगायचा, "भाचीसे बोलो, कॉलेजवाली है."

डेरिक त्यातलाच एक, धोबीतलावचा, आपल्या ग्रुपचा गाणारा आणि गिटार वाजवणारा. एका दुपारी तो आपले तिघे सोबती घेऊन आला. "मास्टर, इस टाइम पूरा सफेद मंगता है. चार सूट. जिमखाना में शो है." मग त्या जिन्याखाली धुमाकूळ सुरू झाला. डेरिकने गिटार काढली, विजेची तार लावायला जागा नव्हती तर नुसतीच वाजवली आणि मामा त्याच्याभोवती टेप घेऊन फिरला. ड्रमवाला रुसी हा गुबगुबीत पारशी पोरगा. त्याला मामाने स्टुलावर बसवलं, हातात दोन लाकडी फूटपट्ट्या दिल्या आणि बेतायच्या टेबलाकडे बोट दाखवलं. "बजाव." रुसीने टेबल असं झोडपलं की खडूच्या वड्या उडाल्या. कोपऱ्यात इस्त्री करणाऱ्या बाबांनी मान वर केली. इतका वेळ त्यांना काही ऐकू आलं नव्हतं. "हा एकटाच साफ बोलतो," ते म्हणाले. मी इंग्रजीत सांगितलं तेव्हा चौघं खो खो हसले. रुसी म्हणाला, "अंकल को मेरा ड्रम समझता है, मेरे बाप को आज तक नहीं समझा!" बाबाही हसले. त्यांना हसताना मी बऱ्याच दिवसांनी पाहत होते.

मग डेरिकने काळबादेवीहून आणलेलं कापड टेबलावर टाकलं. जाड, पांढरं कॉटनचं गॅबर्डीन. मामाने घडी उलगडली आणि काठावरचा छाप वर आला. बाबांच्या मिलचं नाव आणि खाली, कापड आटणार नाही याची हमी. बाबांनी इस्त्री उभी केली, हात शर्टाला पुसले आणि कापडाचं टोक दोन बोटांत धरलं. "आमचा माल!" गल्लीतले लोक वळून बघतील एवढ्या मोठ्याने ते म्हणाले. "वसंता, आमचा माल आहे हा. संपाच्या आधीचा. कुठल्या तरी दलालाने गोदामातनं काढला असणार." डेरिकला त्यांनी खांद्याला धरून छाप दाखवला, मग स्वतःच्या छातीवर हात ठेवला. "मेरा. मैंने बनाया." डेरिक म्हणाला, "फिर तो फर्स्ट क्लास होगा, अंकल."

मामा म्हणाला, "छान झालं भावोजी. आता घंगाळात टाकतो, उद्या वाळला की बेततो." सुती कापड कुठल्याही मिलचं असो, मामा ते भिजवल्याशिवाय त्याला कात्री लावत नसे. बाबांचा चेहराच उतरला. "पाण्यात? हे? अरे, छाप वाच की. आमच्याकडे फिनिशिंगला कापड आटवून मगच बाहेर सोडतात. आमच्या मिलचं कापड भिजवतोस? हा काय फुटपाथवरचा कटपीस आहे?" मामाने घंगाळाकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. दुसऱ्या कोणी हे सांगितलं असतं तर मामाने त्याला टेपने मारून बाहेर काढलं असतं. पण समोर बहिणीचा नवरा होता आणि कित्येक महिन्यांनी ताठ उभा होता. "बरोबर आहे," मामा म्हणाला. "तुम्ही म्हणता म्हणजे झालं." आणि त्याने खडू उचलला.

पुढचे दिवस आमच्या घरात पांढऱ्या कापडाचे. आई जमिनीवर जुनं लुगडं अंथरून त्यावर तुरपाई करायची, पेजेचं पातेलं लांब ढकलून ठेवायची. मी काजं करायची. मामाने रुसीच्या कोटाला पाठीत दोन्ही काखांखाली कळ्या घातल्या होत्या, हात उगारला की त्या पंख्यासारख्या उघडायच्या. बाबा गेटवर जाऊन सांगायचे की हॉटेलांत गाणारी साहेबी पोरं आपल्या मिलचं कापड घालून नाचणार आहेत. तिथले हसायचे, "नाच शिकून घे रे तू पण, संप संपेस्तोवर वेळ आहे." कच्च्या टाक्यांवरची ट्रायल झाली तेव्हा चारही कोट असे बसले की डेरिकने मामाच्या टकलाचा मुका घेतला. आता पन्नास ठिकाणी तयार कोट मिळतात, माझा जावईही तसलेच घालतो. त्या ट्रायलसारखा बसलेला कोट मी पुन्हा पाहिला नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी शेवटची इस्त्री होती. ती पाण्याची असते. कोटावर ओलं फडकं अंथरायचं आणि कोळशाची इस्त्री दाबून धरायची, वाफ आत शिरली की कॉलर आणि छाती आकार घेते. बाबांनी डेरिकच्या कोटाची बाही घेतली, फडकं घातलं, इस्त्री दाबली. वाफ आली. फडकं उचललं तर बाहीचं कापड शिवणीला गोळा झालेलं आणि आतलं अस्तर बोटभर बाहेर लोंबत होतं. त्यांना वाटलं आपल्याच हाताने काही चुकलं. त्यांनी बाही ओढून सरळ केली, पुन्हा फडकं, पुन्हा इस्त्री. बाही अजून वर गेली, छातीवर इस्त्री धरली तर तीही आखडली. मी काज अर्धं टाकून बघत राहिले. त्यांनी तो कोट ठेवला आणि दुसरा घेतला. तोही त्यांच्या हाताखाली आखडला. मामा उठून आला. त्याने एकदा पाहिलं आणि हळूच इस्त्रीची मूठ बाबांच्या हातातून काढून घेतली.

"पाणी जास्त झालं," बाबा म्हणाले.

"हो. जास्तच झालं," मामा म्हणाला.

शिवणींच्या आत दुमडून ठेवलेलं जास्तीचं कापड सगळं सोडलं तरी तूट भरून निघणार नव्हती. चौघं आले तेव्हा डेरिकने कोट अंगात घातला. मनगटं उघडी, पुढची बटणं काजांपर्यंत पोचेनात. "मास्टर, ये क्या? मेरे छोटे भाई का सूट है?" पहिल्यांदा हसत म्हणाला, दुसऱ्यांदा हसला नाही. मामा म्हणाला, "मेरा गलती. कपडा भिगोया नहीं." एवढंच. बाबांकडे त्याने पाहिलंही नाही. बाबांनी त्याचे ओठ वाचले असणार, कारण त्यांची मान खाली गेली. मला वाटतं मामाने त्यांचं नाव घेतलं असतं तर त्यांना एवढं लागलं नसतं. मग मामाने कात्री घेतली आणि सगळे एकसारखे दिसावेत म्हणून चारही कोटांच्या बाह्या खांद्यापासून उतरवल्या. गळा खोल कापला, पुढची बटणं तोडून टाकली, कडा आत दुमडून मशीन मारली. चार कोटांची चार बिनबाह्यांची जाकिटं झाली. ती घालून पोरं गेली. लोकांना ती नवी फॅशन वाटली म्हणे. पुढे दुसऱ्या एका ग्रुपने तशीच मागितली तेव्हा मामाने त्यांना हाकलून लावलं. त्या दिवशी मात्र टेबलाखाली त्या आठ पांढऱ्या बाह्या पडल्या होत्या आणि बाबा त्यांच्याकडे बघत बसले होते. शेवटी वर बघून म्हणाले, "छाप खोटा आहे. हे आमचं कापड नव्हेच."

दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन काळबादेवीला गेले. डेरिकने दुकान सांगितलं होतं. बाबांनी काखेतून एक बाही आणि छाप असलेली काठाची चिंधी काढून गादीवर टाकली. "हा माल नकली आहे." दुकानदार म्हातारा होता, भांडखोर नव्हता. त्याने काठ पाहिला आणि हसला. "नकली? मिल का माल है, काका." मागे वळून फळीवरचे तागे खाली घेता घेता तो बोलत राहिला. तोंड फिरलेलं, त्यामुळे बाबांना कळेना. "काय म्हणतो?" त्यांनी मला विचारलं. दुकानदार म्हणत होता, "मिल आधा चालू है, किसने बोला बंद? हफ्ते-हफ्ते गाडी आता है. नया आदमी लगाया है, फिनिशिंग बराबर नहीं निकालता, इसीलिए तो सस्ता दिया. बाकी सब सेम." त्याने ताग्यांची चळत समोर ठेवली. कोऱ्या गाठीतले, मिलचं वेष्टन अजून न सुटलेले. भोवती गिऱ्हाइकं होती. मला मोठ्याने सांगवेना. मी बाबांच्या समोर उभी राहिले आणि आवाज न काढता ओठांनी सांगितलं, मिल चालू आहे. नवीन माणसं आहेत. बाबा माझ्या तोंडाकडे बघत होते. सांगून झालं तरी बघत राहिले, आणखी काही येईल म्हणून.

तिथून लालबागपर्यंत आम्ही चालत आलो. घरी आईने पेज वाढली, ती त्यांनी खाल्ली. माझी समजूत होती की आता हे गेटवर जाणं सोडतील. दुसऱ्या दिवशी ते नेहमीसारखे आंघोळ करून, शर्ट घालून निघाले. मी कॉलेजला जाताना त्याच रस्त्याने गेले आणि थांबले, कारण त्यांचा आवाज नाक्यापर्यंत येत होता.

"मिल चालू आहे. आपण इथे बसलोय आणि आतनं कापड बाजारात जातंय. मी डोळ्यांनी बघून आलो."

कोणीतरी म्हणालं, "परवापर्यंत धूर खोटा म्हणत होतास ना?"

"चुकलं माझं. आता सांगतोय ते ऐका. पुढाऱ्यांना विचारायला पाहिजे."

"कापडबाजारात शेटजीकडे तुझं काय काम होतं रे?"

"मेव्हण्याच्या दुकानात..."

"मेव्हण्याच्या! आणि त्या दुकानात आतला माल शिवतोस. वा! त्याचीच तर छाती फुगवून सांगत होतास आठवडाभर."

"याची पोरगी कॉलेजात जाते. कशावर जाते, विचारा की."

मी तिथेच उभी होते. मी कशावर कॉलेजात जात होते ते मला माहीत होतं: फीच्या सवलतीवर, आईच्या तुरपाईवर आणि माझ्या स्वतःच्या काजांवर. पुढे होऊन सांगणार तोच बाबांनी लांबून मला पाहिलं आणि हाताने जा म्हणून खूण केली. मग स्वतःही निघाले. रस्ता ओलांडल्यावर ते माझ्यापाशी एकदा थांबले आणि वळून गेटकडे पाहिलं. तिथली माणसं आपसात बोलत होती, एवढ्या लांबून मला अक्षर ऐकू येत नव्हतं. "काय म्हणतायत?" मी विचारलं. बाबा म्हणाले, "नाही दिसलं."

संध्याकाळपर्यंत चाळीला कळलं होतं. फितूर हा शब्द आमच्या तोंडावर कोणी उच्चारला नाही. दारावर लिहिला, डांबराने. आई रॉकेलने पुसत होती तेव्हा अख्ख्या मजल्यावर एक दार उघडं नव्हतं. नळावर तिची बादली मागे सरकवली जायची. एका ताटात जेवलेल्या, मालवणीत गप्पा मारणाऱ्या बायका तिच्याशी शुद्ध मराठीत बोलू लागल्या. बाबा गेटवर जायचे थांबले, पण पहिल्या पाळीला उठायचे थांबले नाहीत. उठायचे, शर्ट घालायचे आणि खाटेवर बसून राहायचे, दुपारी गिरगावला निघेपर्यंत. मामाच्या दुकानात त्यांची खुर्ची तशीच होती. मामा अजून उठून उभा राहायचा.

मग एकेक जण आत जाऊ लागला. आधी मागच्या गेटाने, डबा पिशवीत लपवून. नंतर पुढच्या गेटाने, कोणाची लाज न बाळगता. मी त्यांना नावं ठेवत नाही. घरात पोरं उपाशी होती आणि पुढारी भाषणं देत होते. पण आमच्या दारावर डांबर फासणारा हात कोणाचा होता ते मला तेव्हाही माहीत होतं. तो त्या आत जाणाऱ्यांत बराच पुढे होता. आज तिथे काचेचे मनोरे आहेत आणि खाली कॉफीची दुकानं. तिथे बसून कोणी मला गिरणगावची एकजूट वगैरे ऐकवायला लागलं की मी कप ठेवते आणि उठते.

एका सकाळी बाबांच्या खात्याचा जॉबर, म्हणजे माणसं कामावर घेणारा मुकादम, घरी आला. आईने घाईघाईने शेजारून मागायच्या ऐवजी आमच्याच डब्यातली शेवटची साखर खरवडून चहा टाकला. जॉबर खाटेवर बसला, बाबांना कळावं म्हणून तोंड समोर धरून एकेक शब्द सुटा बोलला. "जुना माणूस पाहिजे. नव्यांच्या हाताला वळण नाही. तुझे माग रिकामे आहेत. उद्यापासून ये. सही-बिही मी बघतो."

आई दाराच्या चौकटीला धरून उभी होती. बाबा म्हणाले, "मला त्यांनी मालकाचा माणूस म्हटलं."

"म्हटलं असेल. तेव्हाचं तेव्हा."

"मी आज आत गेलो तर ते खरे ठरतील."

जॉबरने माझ्याकडे पाहिलं, शिकलेली पोरगी काही समजावेल म्हणून. आई मात्र पुढे आली. संपात तिने कधी आवाज चढवला नव्हता, तो त्या दिवशी चढवला. "कोण ते? कोण खरे ठरतले? ते सगळे भितर आसत! तुमी कोणासाठी भायर रवलास?"

बाबा तिच्या ओठांकडे बघत होते. त्यांना समजलं नसेल असं नाही. त्यांनी मान खाली घातली, म्हणजे पुढचं काही दिसू नये. जॉबर थोडा वेळ बसला, मग चपला घालून निघून गेला. त्याचा चहा तसाच राहिला होता, वर साय धरलेली. आईने तो परत पातेल्यात ओतला, गरम केला आणि बाबांच्या पुढे आणून ठेवला. त्यांनी तो प्यायला.